दस्तगीरभाऊ, तुम्ही पळून गेला नाहीत

दस्तगीरभाऊ,

काल आमच्या घरी तुमच्यासाठी माणसं जमली होती. रियाधमधली आपली तीच मराठी मंडळी, जी दिवाळीला जमतात आणि घरी जाताना एकमेकींच्या चकल्यांना नावं ठेवतात. काल मात्र सगळ्यांचे आवाज खाली होते. मी चहा फिरवत होते आणि एकेक जण तेच ते बोलत होता. घाबरला बिचारा. पहाटे भोंगा वाजला, वर धडाका झाला, बावचळला आणि पळत सुटला, तो नेमका सुटलेल्या बैलांच्या पुढे. कोण नाही हो घाबरणार अशा वेळी? सगळे अगदी मायेनं बोलत होते, म्हणूनच मला जास्त राग आला. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "ते घाबरून पळून गेले नाहीत. ते बैलांना घेऊन पळाले."

माझ्या नवऱ्यानंसुद्धा, माधवनं, माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या की वहिनींना फार धक्का बसलाय. बसलाच आहे धक्का. पण धक्का बसला म्हणून अक्कल गेलेली नाही माझी.

माणसं गेल्यावर माधव कप विसळत म्हणाला, "तू बघितलंस का पण?" नव्हतं बघितलं. मी तेव्हा इथे बेडरूममध्ये, खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावून, लेकीच्या, रेवतीच्या तोंडावर गॅसचा मास्क चढवत बसले होते. तुमच्या कंपनीच्या मॅनेजरनं जे सांगितलं तेच आम्हाला कळलं होतं. आणि त्यानं तेच तुमच्या बाबालालभाऊंनाही फोनवर सांगितलं होतं, साध्या हिंदीत, की आपका भाई डरके भागा और बैलों के नीचे आ गया. झालं. त्याच्या लेखी विषय खलास.

त्याला काय ठाऊक, तुमच्या गावात या वाक्याचा अर्थ काय होतो ते. मला ठाऊक आहे, कारण तुम्हीच मला सांगून सांगून जीव नकोसा केला होता.

माझं माहेर सांगलीतलं, तुमचं गाव तिथून एसटीनं तासाभरावर, पण बेंदूर म्हणजे मला फक्त मातीचे बैल आणि पुरणपोळी. खरा बेंदूर काय असतो ते मी रियाधमध्ये, माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडून शिकले. धुतलेले, शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल. वेशीत पिंपळाची पानं ओवून आडवा बांधलेला दोर, ती कर. संध्याकाळी सगळे बैल बोळातून सुटायचे आणि ती कर तोडायची. आणि त्यांच्या पुढे एक माणूस पळायचा. तो मान तुमच्या मुल्लाण्यांच्या घराचा. आधी तुमचे आजोबा, मग अब्बा, मग तुम्ही. कर तुटण्याआधी वेशीत उभं राहून, पूर्वी पुढे पळालेल्या आणि आता हयात नसलेल्या माणसांची नावं मोठ्यानं घ्यायची. आणि जो भिऊन बाजूला झाला, त्याचं नाव घ्यायचं नाही. तुमच्या एका चुलत आजोबांचं नाव अजून घेत नाहीत. "बिचाऱ्यानं एकदाच ओट्यावर उडी मारली वैनी, मेल्यावरबी ओट्यावरच बसलाय," असं म्हणून तुम्ही खो खो हसला होतात.

आता त्याच ओट्यावर तुम्हाला बसवायला निघालेत. बाबालालभाऊ माधवला म्हणाले, अब्बा त्या फोनपासून कुणाशी बोलत नाहीत. फक्त एकदा म्हणाले, त्याचं नाव घेता येणार न्हाई. माझ्याच्यानं हे ऐकवेना. इथे तुम्हाला मातीत ठेवलं तेव्हा माधव कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभा होता, आत जायची सोय नव्हती. कबरीवर नाव लिहायची इथे रीत नाही, डोक्याशी एक दगड आणि संपलं. रीतीबद्दल माझी तक्रार नाही. पण मग तुमचं नाव राहायची जागा जगात एकच उरते, तुमच्या गावची वेस. तिथूनही कुणी ते पुसत असेल, तर मी गप्प बसणार नाही.

तुम्ही म्हणाल, वैनी, एवढं मनाला काय लावून घेता? तुमची ही सवयच. शुक्रवारी जेवायला यायचात, कांदा-लसणाची चटणी भाकरीवर घेऊन निम्मी बरणी रिकामी करायचात, आणि मी वाद घालायला लागले की गालातल्या गालात हसायचात. माधव आणि तुम्ही कॉलेजातले दोस्त, पण भांडायला तुम्हाला मीच लागायची. माधव लगेच मान डोलावतो, त्याच्याशी भांडण्यात काय मजा?

आपला वाद एकच होता. बैलांच्या पुढे माणसं का पळतात? मी म्हणायचे, मिशीला पीळ द्यायला. गच्चीवर बायका जीव मुठीत धरून उभ्या असतात आणि खाली तुमची हौस चालते. बैलानं काय मागितलंय तुमच्याकडे? त्याला रंगवा, खायला घाला, झोपू द्या. तुम्ही दर वेळी नवं उत्तर द्यायचात. कधी म्हणायचात, बा पळत होता म्हणून. कधी म्हणायचात, सगळं गाव बघतंय म्हटल्यावर पाय आपोआप उचलतात. एकदा म्हणालात, बी.कॉम. झालो, स्टोअरकीपर झालो, दिवसभर पेटाऱ्यांवर नजर ठेवतो, पण जिवंत आहे असं फक्त त्या बोळात वाटतं. मी म्हटलं, हे सिनेमातलं वाक्य झालं. तुम्ही कबूल केलंत की हो, जरा तसंच झालं.

मग आखाती युद्ध आलं, रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली. निम्मी मंडळी ताइफला, जिद्दाला गेली, जमेल त्यानं मुंबईला पळ काढला. माधवच्या बँकेनं आम्हाला मास्क दिले, तुमच्या कंपनीनं तुम्हाला काहीच दिलं नाही. मी चिडले, तर म्हणालात, मला कशाला मास्क, मी गोठ्यात वाढलोय. तुम्ही इथे आमच्याकडे राहायला या म्हणून मी किती मागे लागले. तुम्ही येईनात, कारण तेवढ्यात अल सुलैला तुमच्या गोदामाशेजारी पाहुणे आले होते.

सुदानी बैल. उंच वशिंडाचे, लांब शिंगांचे. कत्तलखान्याकडे निघाले होते, पण रस्ते लष्कराच्या गाड्यांनी भरलेले, म्हणून शेजारच्या पत्र्याच्या आवारात अडकून पडले. त्यांचा राखणदार पहिल्याच भोंग्याला निघून गेला, मालक फिरकेना. तुम्ही रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर त्यांना चारा घालायला लागलात. बोळातून त्यांना टाकीवर पाण्याला न्यायचात, स्वतः पुढे चालत, मांडीवर थाप मारत, हौ हौ करत. शुक्रवारी येऊन मला प्रत्येकाचा स्वभाव सांगायचात. हा रुसका, तो खादाड, एक म्हातारा आहे तो सगळ्यांना दाबून असतो. तुमच्या चेहऱ्यावर मी इथे आल्यापासून एवढा आनंद पाहिला नव्हता. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलंच, अहो, रस्ता मोकळा झाला की कापणारच आहेत त्यांना, कशाला जीव लावताय? तुम्ही म्हणालात, "भूक तर आज लागलीय न्हवं त्यांना."

आपला शेवटचा वादही त्या बैलांवरूनच सुरू झाला. ताटं वाढली होती आणि भोंगा वाजला. सगळे बेडरूममध्ये, दाराखाली ओला टॉवेल, रेवती माझ्या मांडीवर, तुम्ही भिंतीला टेकून, तोंडावर पंचा. बाहेर धडधड आवाज, काचा थरथरत होत्या. रेवतीचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी म्हटलं, सांगा आता खरं खरं, का पळता? त्या दिवशी तुम्ही थट्टा केली नाहीत.

"वैनी, वर्षभर आम्ही बैलाच्या मागनं चालतो, हातात चाबूक घेऊन. तो वढतो, आम्ही हाणतो. एक दिवस तो मागं आणि आम्ही पुढं. हातात काय नाही. त्यानं ठरवलं तर तुडवंल. म्हणून पळायचं."

मी विचारलं, भीती नाही वाटत? तुम्ही म्हणालात, वाटतीच की. ज्याला भीती वाटत नाही त्याला पुढं पळू देऊ नये, तो स्वतः मरंल आणि बोळातल्या माणसांनाही मारंल. मी म्हटलं, मग बैलाला तो चाबूक वर्षभर न मारणं सोपं नाही का? तुम्ही तोंड उघडलंत आणि तेवढ्यात सगळं संपल्याचा भोंगा झाला, रेवती भूक भूक करायला लागली, आमटी गार झाली होती. उत्तर राहिलं. पुढच्या शुक्रवारी देतो म्हणालात.

तो शुक्रवार आला, तुम्ही नव्हतात. मी सवयीनं चार ताटं मांडली आणि एक उचलून ठेवताना माझा बांध फुटला.

आज सकाळी मी माधवला म्हटलं, चल, अल सुलैला जायचं. तो म्हणाला, तिथे बाईमाणसाचं काय काम? मी म्हटलं, मी गाडीतून उतरणार नाही, पण मला तो बोळ बघायचाय. यल्ला, निघूया. त्यानं गाडी काढली.

गोदामांची ती रांग, मधला अरुंद रस्ता, एका बाजूला मजुरांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला हम्झाचं चहाचं दुकान. हम्झा म्हणजे तुमचा तो मलबारी दोस्त, ज्याच्या चहाला तुम्ही माझ्यासमोर नावं ठेवायचात आणि रोज दोनदा प्यायचात. माधवनं त्याला गाडीपाशी आणलं. मी काच खाली केली. त्याचे डोळे सुजले होते आणि तो तुमच्यावर भयंकर चिडलेला होता.

त्यानं सांगितलं ते असं. भोंगा झाला तेव्हा मजूर खोल्यांतून बाहेर आले. त्यांना कसल्या सीलबंद खोल्या, पत्र्याखाली मरण्यापेक्षा उघड्यावर बरं म्हणून सगळा रस्ता माणसांनी भरला, माना वर करून आभाळाकडे बघत. धडाका झाला. बैल बिथरले आणि कुंपणाचा पत्रा पाडून रस्त्यात आले. तुम्ही चारा घेऊन तिथेच होतात. माणसं बैलांकडे पाठ करून उभी. तुम्ही ओरडत त्यांच्यामधून धावलात, माणसं भिंतींना चिकटली, आणि बैल तुमच्या मागे.

"मेरा दुकान खुला था," हम्झा म्हणाला. "मैं हाथ दिखाके बोला, अंदर आ, अंदर आ. उसने देखा मेरेको. नहीं आया. बीच में से ही भागा. और पीछे देखता था, बार बार पीछे देखता था, पैर पे हाथ मारता था. पीछे नहीं देखता तो बच जाता, मैडम. पागल आदमी."

रस्त्याच्या टोकाला एक रिकामं आवार आहे, उघड्या फाटकाचं. तुम्ही तिकडे वळलात, बैल तुमच्या मागोमाग वळले. फाटकाशी तुम्ही पुन्हा मागे पाहिलंत, पाय अडकला आणि पडलात.

मी माधवकडे बघितलं. त्यालाही तेच आठवलं होतं. गेल्या वर्षी आपण टीव्हीवर बघितलं होतं ना, स्पेनमधलं ते गाव, पांढऱ्या कपड्यांतली, गळ्यात लाल रुमाल बांधलेली माणसं बोळातून बैलांच्या पुढे पळताना. तुम्ही घास हातात धरून उठून उभे राहिला होतात. वैनी, ही तर आमचीच माणसं, असं म्हणालात, आणि लगेच त्यांच्यात खोट काढायला लागलात. हे बघा, हा मागं बघतच न्हाई. हा पळून चाललाय. पळून जाणारा मागं बघत न्हाई. जो बैलाला घेऊन चाललाय त्याला बघावंच लागतं, मागचा येतोय का, वळतोय का, कोण मध्ये पडलंय का. आमच्यात मागं न बघता पळालेल्याला कुणी पाणीसुद्धा विचारत न्हाई. मी तेव्हा म्हटलं होतं की जेवा आता, भाकरी वातड होईल.

ज्यांनी ज्यांनी तुम्हाला त्या सकाळी पाहिलं, त्यांनी पळणारा माणूस आणि मागे बैल एवढंच पाहिलं आणि अर्थ लावून टाकला. त्यांची चूक नाही. पण चूक ती चूकच, आणि ती तुमच्या वेशीपर्यंत जाऊ देणार नाही मी.

तिथून निघताना गाडीत मला तुमचा इतका राग आला होता की विचारू नका. दुकान उघडं होतं. हम्झानं हात केला होता. तुम्ही त्याला पाहिलंत आणि आत गेला नाहीत. आत गेला असतात तर आज इथे बसून माझ्या आमटीला नावं ठेवली असतीत. कुणी सांगितलं होतं? आणि त्याच वेळी, दस्तगीरभाऊ, भिंतीला पाठ लावून आजही जिवंत असलेली ती माणसं मला काचेतून दिसत होती. कुणी सिमेंटच्या गोणी उतरवत होतं, कुणी पेटीवर बसून केस कापून घेत होतं. त्यांच्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. त्यांच्या बायका कुठल्या कुठल्या गावात असतील, त्यांना तुमचं नावही माहीत नसेल. माझा राग आणि माझं हे कृतज्ञ होणं, दोन्ही एकाच वेळी होतं. अजूनही तसंच आहे.

रेवतीनं दुपारी तिच्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "मम्मी, काका डर गए थे क्या?" मी तिला खरं सांगितलं. हो, घाबरले असतील. तेच म्हणाले होते की भीती वाटतेच. ती म्हणाली, फिर भी शॉप में नहीं गए. मी म्हटलं, नाही गेले.

संध्याकाळी आम्ही तुमच्या गावाला फोन लावला. सोसायटीच्या ऑफिसात बाबालालभाऊ अब्बांना घेऊन बसले होते. माधव म्हणाला, मी बोलतो, पण मी फोन सोडला नाही. मी अब्बांना कधी भेटलेले नाही. त्यांचा आवाज तुमच्यासारखाच आहे, तेवढं मला जड गेलं.

मी सगळं सांगितलं. बोळ, माणसं, पडलेला पत्रा, उघडं दुकान, हात करणारा हम्झा. तुम्ही मधूनच पळालात, मागे बघत, मांडीवर थाप मारत. मॅनेजर जे बोलला ते त्यानं न समजता सांगितलं, असंही सांगितलं. मग अब्बा म्हणाले,

"बैलांस्नी काय लागलं न्हाई न्हवं?"

मी क्षणभर गोंधळले. मग म्हटलं, "नाही अब्बा. सगळे नीट आत गेले. माणसांनाही काही झालं नाही."

"म्हंजे पोचवली त्यानं."

"पोचवली."

काल रस्ता मोकळा झाला आणि बैलांना घेऊन गेले, हे मी सांगितलं नाही. त्यांनीही पुढचं विचारलं नाही. बराच वेळ मला त्यांचं रडणं ऐकू येत होतं आणि मध्येच बाबालालभाऊंचं, अब्बा, बसा जरा. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि एकदम वेगळ्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "बेंदराला नाव मी घेणार, माझ्या तोंडानं. आणि पोरी, त्या सायबाला जाऊन सांग. माझा ल्योक पळून गेला न्हाई."

आपला वाद मिटलेला नाही, दस्तगीरभाऊ. मला अजूनही पटलेलं नाही. बैलाला वर्षभर न मारणं हेच बरं, असंच मी म्हणणार, आणि त्यावरचं तुमचं उत्तर तुमच्याकडेच राहिलं, याचा राग मी कुणावर काढू? पण अब्बांनी मला काम सांगितलंय. उद्या सकाळी आम्ही पुन्हा अल सुलैला चाललो आहोत. यावेळी मी गाडीतून उतरणार आहे. मॅनेजर आत बोलावील न बोलावील, बाईमाणूस म्हणून माधवशीच बोलू लागेल, भोंगा वाजला तर सगळे आडोसा शोधतील. माझं हिंदी कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. तरी ते एक वाक्य मी त्याच्या तोंडावर बोलणार आहे, आणि त्याच्या तोंडून ते परत ऐकेपर्यंत दारातून हलणार नाही.